बर्फ्या पाण्यात पडला नव्हता

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला एकदा सांगायला घेतलं होतं, तिच्या शेवटच्या आजारपणात, तिचे पाय चेपता चेपता – पण ती मधेच म्हणाली, "तू फार गुणाची आहेस गं." आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच. बहिणीला नाही, मैत्रिणीला नाही, देवापुढेसुद्धा मोठ्यानं नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. मधे मधे अडखळले तर थोडं थांबा. लगेच मुद्द्यावर ये म्हणू नका – तसं येता आलं असतं तर इतकी वर्षं गेली नसती.

मी शिक्षिका आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. नोकरीची पहिली काही वर्षं औंढा तालुक्यात होते, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. शाळेत दोनच शिक्षक – हेडमास्तर आणि मी. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. राहायला हिंगोलीत, स्कूटीवर अप-डाऊन.

मी वाईट शिक्षिका नव्हते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते तुम्हाला पटणार नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात आमच्या शाळेत बर्फ्या आला. बर्फ्या म्हणजे कापडी पेंग्विन. पुण्याच्या एका शाळेतल्या चौथीच्या वर्गाचा लाडका. त्या वर्गानं त्याला गावोगावच्या शाळा बघायला पाठवलं होतं. एका शाळेत थोडे दिवस राहायचं, रोज एका मुलाच्या घरी मुक्काम करायचा, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे आणि मग पुढच्या शाळेत जायचं. त्या वर्गाच्या मॅडमशी माझी शिक्षकांच्या एका ग्रुपवर ओळख झाली होती. मी विचारलं, आमच्याकडे पाठवाल का? त्यांनी कुरिअर केलं. हातभर उंचीचा, काळी पाठ, पांढरं पोट, पिवळी चोच, गळ्यात कुणाच्या तरी आजीनं विणलेला निळा मफलर.

मी पिशवीतून त्याला बाहेर काढलं. मग मागून आवाज आला, "मॅडम, ह्यो तर बनियन घातलेला कावळा हाय!" आम्ही किती हसलो होतो! मग मी त्यांना पेंग्विनबद्दल सांगितलं. तो बर्फात राहतो, उडत नाही, पण पोहतो. पाणी हेच त्याचं खरं घर. मासे खातो. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. आणि खिडकीशी बसणारी रेणुका म्हणाली, "मग त्याला हितं तकलीफ होत असंल, न्हाई मॅडम?"

रेणुका. हे नाव घ्यायला मी इतका वेळ टाळत होते.

तिच्याबद्दल सांगते. चौथीत होती. वडील मारोतीभाऊ धरणात मासे धरायचे, आई सिंधूताई ते टोपलीत घालून आजूबाजूच्या गावांत आणि शिरड शहापूरच्या बाजारात विकायची. घर गावाबाहेर पाण्याच्या कडेला, पत्र्याचं. पोरगी हुशार – पाढे तोंडपाठ, वाचन खणखणीत. पण तिच्या कपड्यांना, केसांना, दप्तराला मासळीचा वास यायचा. मला तो सहन व्हायचा नाही. मी तिची वही तपासताना श्वास धरायची. तिला ते कळत होतं का? मुलांना असलं सगळं कळतं. वही द्यायला आली की ती हात लांब करून द्यायची आणि पटकन दोन पावलं मागे जायची.

बर्फ्या घरोघरी जायला लागला. एका घरी त्याला कुंकू लावून पाटावर बसवलं. एका आजोबांनी त्याला बैलगाडीत बसवून शेत दाखवलं. जावेदच्या अम्मीनं थंडी वाजू नये म्हणून त्याच्या मापाची गोधडी शिवली. मी फोटो टाकायची आणि ग्रुपवर टाळ्यांचा, फुलांचा पाऊस पडायचा. पुण्याच्या मॅडम लिहायच्या, "किती सुंदर काम करताय तुम्ही!" केंद्रप्रमुखांनी फोन करून शाबासकी दिली. आडवळणाच्या गावातल्या दोनशिक्षकी शाळेतली बाई – मला कोण ओळखत होतं? आता ओळखायला लागले होते. ते मला फार आवडत होतं. जेवताना फोन, झोपताना फोन.

मी पोरांना बजावलं होतं, हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही. एकानं पायाला धरून लटकवलं म्हणून त्याला पाठीत धपाटा घातला होता. "दुसऱ्याची वस्तू आहे, जीव गेला तरी सांभाळायची," असं मी रोज म्हणायची. मी. लक्षात ठेवा, हे मी म्हणायची.

पाळ्या मी ठरवल्या होत्या. रेणुकाची शेवटी. कशी काय शेवटी आली? आली नाही, मी ठेवली. मला वाटायचं, तो वास त्याच्या कापसात बसला तर? आणि फोटोत ते पत्र्याचं घर, बाहेर वाळत घातलेली जाळी, माश्या... काय दिसेल ते? मी हे कुणाला बोलले नाही. नुसतं नाव खाली लिहिलं.

तिची पाळी शनिवारी होती. शनिवारची सकाळची शाळा. ती केस विंचरून, तेल लावून, लाल रिबिनी बांधून आली. फ्रॉक धुतलेला. आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, तो मासं खातो ना? मग आमच्या घरी त्याला लई मजा येईल. आईनं सगळं सारवून ठेवलंय."

खरं होतं तिचं. अख्ख्या गावात पेंग्विनला शोभेल असं घर कुणाचं असेल तर तिचंच. मला हे तेव्हाही कळलं होतं. मला हसूही आलं होतं.

आणि शाळा सुटताना मी म्हणाले, "आज नको रेणुका. सोमवारी बघू."

"काहून मॅडम?"

"सांगितलं ना, सोमवारी."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मी सगळ्यांसमोर बर्फ्याला कपाटात ठेवलं, कडी घातली. कपाटाला कुलूप नव्हतं. हेडमास्तर बैठकीला गेले होते. पोरं गेल्यावर मी त्याला बाहेर काढून माझ्या पिशवीत घातलं. हळद, काजळी, शेणाचे डाग – तो फार मळला होता. घरी धुवायचा, स्वच्छ करायचा आणि पुढच्या शाळेला पाठवायचा, असा माझा बेत होता. सोमवारी रेणुकाला द्यायचा होता का? नाही. धुतलेला बर्फ्या मी त्या घरात पाठवणार नव्हतेच. वेळ उरला नाही, असं काहीतरी सांगणार होते.

घरी धुतला. पण आत कापूस दाबून भरलेला, आणि थंडीत उन्हाला जोर नसतो. रविवारी दुपारीही तो आतून ओलाच. मग मी इस्त्री घेतली. वरवर फिरवली, वाफ निघाली, बरं वाटलं. मग जरा दाबली. तेवढ्यात फोन वाजला – ग्रुपवर काहीतरी आलं होतं – आणि मी एका हातानं फोन बघितला. किती वेळ? थोडाच. पण ते कापड सुती नव्हतं. वितळलं. चोच, एक डोळा, अर्धं तोंड इस्त्रीला चिकटून आलं. काळं, चिकट, दोऱ्यासारखं लांबत जाणारं. बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडला, "कसला वास येतोय गं?"

"काही नाही, इस्त्रीला पिशवी चिकटली," मी म्हणाले.

हे पहिलं खोटं. इतकं सहज निघालं. त्याला सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता? हसला असता. म्हणाला असता, कळव त्यांना, दुसरा घेऊन पाठवू. पुण्याच्या मॅडमनी काय केलं असतं? "अरेरे, असू द्या," म्हणाल्या असत्या. एवढंच होतं हो! एका खेळण्याला इस्त्री लागली, एवढीच गोष्ट होती. मी इतक्या वेळा मनात ते वाक्य म्हटलंय – माझ्या हातून जळाला. माझ्या हातून जळाला. तीन शब्द. तेवढे मला वर्गात उभं राहून म्हणता आले नाहीत.

मी त्याला काळ्या पिशवीत गुंडाळलं. सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा स्वतःच्या हातानं टाकलं आणि स्कूटी काढून शाळेला गेले.

रस्ताभर मी ठरवत होते, सांगायचं. वर्गात शिरेपर्यंत ठरलेलं होतं. मग सगळे हात धुऊन, ओले हात फ्रॉकला-चड्डीला पुसत रांगेत बसलेले दिसले. माझ्याकडे हसतमुखानं बघत होते. धपाटा खाल्लेला तो पोरगाही. आणि रेणुका – परत लाल रिबिनी. मी कपाटाकडे गेले, कडी काढली आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "अरे! बर्फ्या कुठंय?"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. कितीतरी वर्षं मी याच वाक्याला धरून होते. मी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही. गरजच पडली नाही. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, शनिवारी शाळा सुटल्यावर रेणी खिडकीपाशी परत आली व्हती." मग सगळी तोंडं तिच्याकडे वळली. शाळेच्या त्या खिडकीचा एक गज निघालेला होता, चेंडू आत गेला की पोरं तिथूनच शिरायची. सगळ्यांना माहीत होतं. पाळी तिची हुकली होती, तेही सगळ्यांना माहीत होतं.

ती म्हणाली, "मी नुसतं बघाया आले व्हते. मला दिसला न्हाई."

दिसणार कसा? कपाट बंद, आणि तो माझ्या पिशवीत होता. मी तोवर निम्मा रस्ता गेले असेन.

मी म्हणाले, "कुणी नेला असेल तर आणून द्या. मी रागावणार नाही." आणि हे म्हणताना मी तिच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मारोतीभाऊंना बोलावलं. माणूस तसाच पाण्यावरून आला, चड्डी ओली, चपला दाराबाहेर काढलेल्या. आत यायला तयार नव्हता. उंबऱ्यापाशीच उभा राहून हेडमास्तरांचं ऐकून घेतलं. मग वर्गात येऊन त्यानं पोरीला विचारलं, "घेतलंस का?"

"न्हाई, बाबा."

त्यानं तिच्या कानाखाली मारली. आवाज वर्गभर झाला. "खरं बोल. घेतलंस का?"

"न्हाई."

दुसरी मारली. ती बाकावर आदळली. एक रिबीन सुटली. आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

काय होतं त्या बघण्यात? आरोप नव्हता. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मोठी माणसं सोडवतात, बाई सोडवते, एवढ्यासाठी बघितलं तिनं. मी हजेरीपत्रकात खाली बघितलं. तिथली नावं मी एक एक करून वाचली, जणू काही शोधत होते.

तिसऱ्यांदा हात उठला तेव्हा ती ओरडली, "पाण्यात पडला! बाबा, पाण्यात पडला तो!"

"काहून नेला पाण्यावर?"

"त्याला दाखवाया नेला. त्याचं घर पाण्यात असतं. मॅडमनी सांगितलं व्हतं."

मी शिकवलेला धडा. मार थांबावा म्हणून दहा वर्षांच्या लेकरानं त्या धड्यातून एक खोटं रचलं, आणि ते इतकं पटण्यासारखं होतं की क्षणभर – हसू नका, शिव्याही देऊ नका, मी फक्त झालं ते सांगतेय – क्षणभर मलाही ते खरं वाटलं. खरं वाटावं असं मला वाटलं. मला सुटल्यासारखं झालं. पोरगी मार खाऊन हुंदके देत होती आणि मला सुटल्यासारखं झालं.

मारोतीभाऊनं माझ्यापुढे हात जोडले. "मॅडम, चूक झाली लेकराची. तुमी कायबी काळजी करू नका. मी काढून देतो."

"अहो, जाऊ द्या," मी म्हणाले. "कशाला?"

"न्हाई न्हाई. दुसऱ्याची वस्तू हाय."

त्याच दुपारी त्यानं थर्माकोलचा तराफा पाण्यात घातला. शाळा सुटल्यावर सगळी पोरं काठावर गोळा झाली. हेडमास्तर म्हणाले, चला, आपणही बघू. मी गेले. रेणुकाला त्यानं तराफ्यावर पुढे बसवलं होतं. "कुठं पडला? दाव." ती हात करायची, तो तिकडे जायचा, जाळं टाकायचा, ओढायचा. रिकामं. मग ती दुसरीकडे हात करायची. मला दिसत होतं, ती कुठेही हात करतेय. तिला जागा माहीत नव्हती, कारण जागाच नव्हती. थंडीचं पाणी. तो मधेच उतरून बुडी मारायचा, वर यायचा, थुंकायचा, परत जायचा. एकदा त्याच्या हाताला काहीतरी लागलं. वर काढून त्यानं लांबूनच उंच धरलं – काळं, गोळा झालेलं, पाणी गळतंय.

"हेच हाय का मॅडम?"

प्लास्टिकची काळी पिशवी होती. "नाही," मी ओरडले. "नाही! सोडून द्या आता!"

त्यानं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशीही उतरला, तिसऱ्या दिवशीही. मासे धरणं बंद, सिंधूताईची टोपली रिकामी. आणि मी रोज शाळेत जात होते, फळ्यावर तारीख घालत होते, भागाकार शिकवत होते. खिडकीतून लांबवर तो तराफा दिसायचा. रेणुका त्या दिवसांत शाळेत नव्हती, तराफ्यावर होती. जागा दाखवायला. तुम्ही विचाराल, तेव्हा तरी का बोलली नाहीस? मी रोज म्हणायची, उद्या बोलू. पण काल बोलले नाही ते आज कसं बोलायचं? पहिल्या दिवशी फक्त एक खेळणं जळालं होतं. आता त्यात दोन थपडा होत्या, मग बुड्या होत्या, मग रोज काहीतरी वाढत होतं. सांगायची गोष्ट रोज मोठी होत होती आणि मी तेवढीच होते.

मग त्याच्या पायात खुंट घुसला. धरण भरलं की कडेची जुनी रानं पाण्याखाली जातात, तोडलेल्या बाभळींचे खुंट तसेच तळाशी असतात. तळव्यातून आत गेला. त्यानं चिंधी बांधली आणि परत उतरला. पाय सुजला, शिरडच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतलं, उतरेना. त्याला साखर होती, हे कुणाला ठाऊकच नव्हतं, त्यालाही नाही. नांदेडला नेईपर्यंत पाय काळा पडला होता. बोटं काढली, मग अर्धं पाऊल.

मी दवाखान्यात भेटायला गेले. हो, गेले ना. सफरचंदं घेऊन. तो खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "मॅडम, नाही घावला हो. माफी असू द्या." सिंधूताई कोपऱ्यात उभी होती, तिनं मला बसायला स्टूल पुसून दिलं. रेणुका खाटेच्या पायथ्याशी, बापाच्या बांधलेल्या पायाकडे बघत. मी बसले. मी तिथं बसले, विचारपूस केली आणि उठून आले. खाली रस्त्यावर येऊन रडले, पण त्या रडण्याचा कुणाला काय उपयोग?

आणि पुण्याला? पुण्याला मी काय कळवलं, तेही ऐका. लिहिलं, आमच्या एका मुलीनं बर्फ्याला धरण दाखवायला नेलं आणि तो पाण्यात गेला. पायाचं लिहिलं नाही. तिथल्या मुलांना वाईट वाटलं, पण गंमतही वाटली. त्यांनी चित्रं काढून पाठवली – बर्फ्या पूर्णा नदीतून पोहत समुद्राकडे निघालाय, बर्फ्या माशांशी बोलतोय. त्या मॅडमनी लिहिलं, "त्या मुलीवर रागावू नका हं, किती निरागस आहे!" मी ती चित्रं वर्गात लावली. केंद्रप्रमुख बघून खूश झाले.

रेणुका शाळेत परत आली तेव्हा भिंतीवर ती चित्रं होती. तिनं एकदा बघितलं आणि खाली मान घालून जागेवर बसली. पोरं तिला मधल्या सुट्टीत "पेंगी" म्हणायला लागली, काही जण "चोरटी." मी एक-दोनदा दटावलं. ती आता हात वर करत नसे. पाढे विचारले तर उत्तर द्यायची, तेवढंच. वही द्यायला यायचीच नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची. परीक्षा झाल्यावर सिंधूताई दाखला मागायला आली. धरणावर आता कोण जाणार? ती माणसं तिच्या माहेराकडे, कनेरगाव नाक्याच्या बाजूला, वीटभट्टीवर कामाला निघाली होती. "रेणीला पुढं शिकवाल ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "बघू, मॅडम. बापाला सोडून कुठं जात न्हाई ती. त्याच्याच संगं बसून राहती."

दाखला मी लिहिला. वर्तणूक – चांगली.

त्यानंतर माझी बदली झाली, दोनदा झाली. मला मुलगी झाली. ती चौथीत गेली त्या वर्षी मी आजारी पडल्यासारखी होते. नवरा म्हणायचा, तुला काय झालंय? मी म्हणायची, थकवा. तिच्या केसांना रिबिनी बांधताना माझे हात थांबायचे. मी तिला शोधायला गेले का? नाही. जाऊ शकत होते. हिंगोलीहून कनेरगाव नाका असा किती लांब आहे? रोज जीपा जातात. मी वाशीमला लग्नाला गेले तेव्हा त्या रस्त्यानं गेले, भट्ट्या दिसल्या, मान दुसरीकडे वळवली.

आता जे सांगायचं आहे ते याच वर्षीचं. खरं तर मी जे बोलायला बसले ते हेच. आधीचं सगळं मी कदाचित पचवलं असतं – माणूस काय काय पचवतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका कामासाठी मी कनेरगाव नाक्याकडच्या एका शाळेत गेले होते. परत यायला गाडीची वाट बघत एका ढाब्याच्या सावलीत उभी होते. भर दुपार. एक बाई आतून भांडी घासून हात पुसत बाहेर आली. काखेला लेकरू. वीस-एकवीसची असेल, पण थकलेली. माझ्याकडे बघत राहिली. मग जवळ आली आणि दोन पावलांवर थांबली. त्या थांबण्यावरून मी तिला ओळखलं.

"मॅडम, वळखलं का? मी रेणुका. धरणावरची."

मी म्हणाले, हो. कशी आहेस, म्हणाले. लेकराचं नाव विचारलं. ती उत्तर देत होती, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. पाण्याची पाकिटं विकणारा एक जण ओरडत गेला. ती तो जाईपर्यंत थांबली.

"मॅडम, मला तुमाला एक सांगायचं व्हतं. लई दिसांपासून मनात हाय. तुमी भेटाल का न्हाई, वाटायचं." तिनं मागे ढाब्याकडे एकदा बघितलं. "मी तुमाला खोटं बोलले व्हते. तो बर्फ्या... मी न्हाई नेला तो. पाण्यात बी न्हाई पडला. बाबा मारून राहिले व्हते म्हणून मी तसं म्हणलं. तो कुठं गेला, मला आजबी म्हाईत न्हाई."

मी गाडी येते का म्हणून रस्त्याकडे बघितलं.

"मी खोटं बोलले म्हणून बाबा पाण्यात उतरले, मॅडम. मी कुठंबी हात करायची आन् ते तिकडं बुडी मारायचे. माझ्यामुळं त्यांचा पाय गेला. त्यांना अजून न्हाई सांगितलं मी. काय सांगू? हितंच असतात, घरी, खाटेवर. रोज त्यांचा पाय धुते मी. रोज वाटतं, आज सांगावं. तोंडच उघडत न्हाई." ती रडत नव्हती. कोरडे डोळे. तिनं लेकराला एका काखेतून दुसऱ्या काखेला घेतलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. "तुमच्या वर्गात खोटं बोलले. तुमी सांगायच्या, खोटं बोलू नये. मला माफ करा."

तुम्ही ऐकताय ना?

ती माझ्यासमोर उभी होती. दहा-अकरा वर्षं जे ओझं माझं होतं ते ती वाहत होती, बापाचा पाय स्वतःच्या नावावर लिहून घेऊन रोज धूत होती. आणि मला फक्त ते तीन शब्द म्हणायचे होते. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. ती मारणार नव्हती, ओरडणारही नव्हती कदाचित. तिथं, त्या उन्हात, एका वाक्यानं मी तिला सोडवू शकले असते.

गाडी आली. हॉर्न वाजला.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मोकळं झालं, मला ते दिसलं. आणि मी म्हणाले, "जाऊ दे, रेणुका. लहान होतीस तू. मी तुला केव्हाच माफ केलंय."